स्लॅब ओतण्याआधी नकाशांचा मेळ: घरबांधणीतल्या सहा जणांना एका कागदावर कसे आणायचे

स्लॅब पडून महिना होतो, सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा) निघते, मग प्लंबर येतो आणि संडासाच्या पाइपासाठी बीमला भोक पाडायला घेतो. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत हे रोज कुठे ना कुठे चालू असते. दोष एकट्या प्लंबरचा नसतो. आर्किटेक्टच्या नकाशात बीम नव्हती, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशात कमोड नव्हता, आणि दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून कोणी पाहिलेच नव्हते.

हा लेख त्या एका कामाबद्दल आहे: तळमजला अधिक एक मजला अशा घराच्या स्लॅबआधी सगळ्यांचे नकाशे कसे जुळवायचे. थ्रीडी मॉडेल, लेझर लेव्हल, तयार काँक्रीट, एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) ही नवी साधने आता गोव्यात सहज मिळतात. पण माणसे उशिरा एकत्र आली तर यातले एकही साधन उपयोगी पडत नाही. म्हणून इथे क्रमाला महत्त्व आहे. टप्पे उलटसुलट करू नका.

## टप्पा १: तारीख उलटी मोजा आणि माणसे ठरवा

गोव्यात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो, आणि मे महिन्यातही वळीव येऊन जातो. स्लॅब पावसाआधी हवा असेल तर ५ मे ही शेवटची सोयीची तारीख धरा. टेकू काढायला दोन आठवडे लागतात, त्यानंतर पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि वॉटरप्रूफिंगलाही थोडा अवधी हवा. ५ मेपासून मागे मोजा:

- ६० दिवस आधी, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात: घरमालकाचे निर्णय पूर्ण.
- ४५ दिवस आधी: सगळे नकाशे एकावर एक ठेवून तपासणी.
- ३० दिवस आधी: नकाशे बंद. यानंतर बदल नाही.
- १५ दिवस आधी: काँक्रीट आणि पंपची मागणी, रस्त्याची पाहणी.
- १ दिवस आधी: सेंटरिंगवर शेवटची तपासणी.

शिमगा बहुधा मार्चमध्ये येतो आणि त्या सुमारास बाहेरगावचे कामगार गावी जातात. तो आठवडा हिशेबात धरूच नका.

आता माणसे. सहा जण लागतात: आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, कंत्राटदार आणि घरमालक. वर कौलांचे उतरते छप्पर असेल तर सातवा माणूस फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंडी सांगाडा करणारा. यांतला एक जण मेळ घालणारा म्हणून लेखी नेमा. शक्यतो आर्किटेक्ट नेमावा, कारण मूळ नकाशा त्याचा असतो. कंत्राटदाराला हे काम देऊ नये असे आमचे ठाम मत आहे. काम पुढे रेटायची घाई त्यालाच सर्वांत जास्त असते, आणि थांबा म्हणण्याचे काम त्याच्याकडून होत नाही.

खबरदारी: प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन "स्लॅबनंतर बघू" म्हणून नेमायचे राहतात. सगळ्या चुकांची सुरुवात इथे होते. दर शेवटपर्यंत ठरले नसले तरी चालेल, पण दोन बैठका आणि सेंटरिंगवरचे दोन दिवस एवढ्या कामापुरते पैसे ठरवून त्यांना आताच बांधून घ्या.

## टप्पा २: घरमालकाने आधी ठरवायच्या गोष्टी

इंजिनिअर कितीही चांगला असला तरी खालच्या गोष्टी कळल्याशिवाय त्याला भोकांची जागा आणि भार ठरवता येत नाही.

कमोडचे मॉडेल. "कमोड" एवढा शब्द पुरत नाही. जमिनीवरच्या एस-ट्रॅप कमोडला भोक स्लॅबमध्ये लागते, आणि भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मॉडेलप्रमाणे १०० मिमी, २२० मिमीच्या आसपास किंवा ३०० मिमी असते. पी-ट्रॅप आणि भिंतीवर टांगायच्या कमोडची वाट भिंतीतून जाते, स्लॅबला भोक लागतच नाही. दुकानात जाऊन मॉडेल ठरवा आणि कंपनीचा मापाचा कागद मेळ घालणाऱ्याला द्या. अंतर मोजताना प्लॅस्टर आणि टाइल चढलेल्या भिंतीपासून मोजायचे असते, हे विसरले की कमोड भिंतीला टेकत तरी नाही किंवा बसतच नाही. प्लॅस्टर, मसाला आणि टाइल मिळून ३५ ते ४० मिमी धरा.

भिंत कशाची. चिऱ्याची (जांभा दगडाची) की एएसी ब्लॉकची? हा निर्णय दिसायला साधा, पण डिझाइन यावर उभे असते. तीन मीटर उंचीच्या, २३० मिमी जाडीच्या चिऱ्याच्या भिंतीचे वजन दर मीटर लांबीला साधारण १,४०० किलो भरते. तीच भिंत २०० मिमी एएसी ब्लॉकची असेल तर ४०० किलोच्या आत, वर प्लॅस्टर वेगळे. डिझाइन ब्लॉकवर करून घ्यायचे आणि चिरे स्वस्तात मिळाले म्हणून वरच्या मजल्यावर चिरे चढवायचे, हे बीमच्या जिवावर बेतणारे आहे. उलट, म्हणजे चिऱ्यांवर डिझाइन करून नंतर ब्लॉक वापरणे, सुरक्षित असते. मात्र सळईवरचा जादा खर्च वाया जातो, आणि बीमच्या व भिंतीच्या जाडीचा मेळही पुन्हा बघावा लागतो.

गच्चीवरचे भार. १,००० लिटरची टाकी भरली की १ टन होते. टाक्या किती, कुठे, सोलर हीटर कुठे, गच्चीवर माती टाकून झाडे लावायची का, हे सांगा. टाकीचा ओटा बीमवर किंवा कॉलमवर यायला हवा, स्लॅबच्या पोटात नको.

छप्पर. स्लॅबवर लोखंडी सांगाडा करून मंगळुरी कौले घालायची असतील तर खांबाखालच्या प्लेटी आणि बोल्ट काँक्रीट ओतण्याआधी बसवावे लागतात. नंतर स्लॅबला भोके पाडून बसवलेला बोल्ट पावसाळ्यात हमखास पाणी आत घेतो.

एसीच्या जागा, पंखे, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर आणि स्वयंपाकघरातले सिंक यांची खूण खोलीच्या नकाशावर पेन्सिलने करून द्या. यावर जास्त वेळ घालवू नका, एका संध्याकाळी होते.

तपासा: यातल्या कुठल्याही बदलामुळे घराची बाहेरची रेषा, मजल्याची उंची किंवा खिडक्यांची मांडणी हलत असेल, तर आधी आर्किटेक्टला विचारा. नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना ज्या नकाशावर मिळाला, त्यापेक्षा बांधकाम वेगळे झाले तर सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो, नाहीतर ऑक्युपन्सीच्या, म्हणजे राहण्याच्या दाखल्याच्या, वेळी अडते.

## टप्पा ३: सगळ्यांचा पाया एकच ठेवा

नकाशे एकावर एक बसायचे तर ते एकाच जागेपासून मोजलेले हवेत. आर्किटेक्टने कॉलमच्या मध्यरेषांचे ग्रिड काढून द्यावे: आडव्या रेषांना १, २, ३, उभ्यांना अ, ब, क. अ-१ हा कोपरा म्हणजे शून्य. बाकीच्यांनी आपले नकाशे याच ग्रिडवर काढायचे. मापे सगळीकडे मिलिमीटरमध्येच ठेवा. गवंडी इंचात, इंजिनिअर मिलिमीटरमध्ये आणि प्लंबर फुटात बोलतो, आणि रूपांतर करताना १० ते १५ मिमी हरवतात.

याहून मोठा गोंधळ पातळ्यांचा. आर्किटेक्ट फरशी झाल्यावरची पातळी लिहितो, इंजिनिअर काँक्रीटच्या वरच्या पृष्ठाची. दोन्हींत टाइल १० मिमी आणि मसाला ४० ते ५० मिमी, म्हणजे साधारण ६० मिमीचा फरक असतो. नकाशावर दोन्ही पातळ्या दोन वेगळ्या रंगांत लिहून घ्या.

याचा सर्वांत जास्त फटका बाथरूमच्या सनकन स्लॅबला (पाइपांसाठी खाली उतरवलेल्या स्लॅबला) बसतो, म्हणून हिशेब नीट बघा. नहाणी ट्रॅपपासून (फरशीवरचे पाणी ओढणाऱ्या भांड्यापासून) डक्टपर्यंत (पाइप उभे नेण्याच्या मोकळ्या जागेपर्यंत) २ मीटर अंतर आहे, पाइप ७५ मिमी, उतार ४० ला १.

- उतारासाठी: २,००० ÷ ४० = ५० मिमी
- पाइप: ७५ मिमी
- वॉटरप्रूफिंग आणि त्यावरचा संरक्षक थर: ३० मिमी
- मसाला आणि टाइल: ५० मिमी
- बाथरूमची फरशी खोलीपेक्षा खाली: २० मिमी

बेरीज २२५ मिमी. ट्रॅपचे भांडे पाइपापेक्षा उंच असते, म्हणून २५० मिमी धरू. पण हे २५० मिमी खोलीच्या झालेल्या फरशीपासून आहेत. शेजारचा काँक्रीट स्लॅब मुळातच फरशीच्या ६० मिमी खाली असतो. म्हणजे सेंटरिंगवाल्याने शेजारच्या स्लॅबपासून फक्त १९० मिमी खाली जायचे. नकाशावर नुसते "सनकन २५०" लिहिले की तो स्लॅबपासून २५० मोजतो. मग ६० मिमी जादा भराव पडतो आणि दर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास भार उगाच वाढतो. तो कोणी हिशेबात धरलेला नसतो.

तपासा: प्रत्येक फायलीच्या नावात स्लॅबचा क्रमांक, आवृत्ती आणि तारीख हवी. उदाहरणार्थ "स्लॅब-१, आवृत्ती ३, १२ मार्च". साइटवर छापील प्रत एकच असू द्या. नवी आली की जुनी फाडून टाका, घडी घालून ठेवू नका.

## टप्पा ४: नकाशे एकावर एक ठेवा

आर्किटेक्टकडे थ्रीडी मॉडेल असेल तर उत्तम. त्यात इंजिनिअरच्या बीम आणि प्लंबरचे पाइप घालून कुठे काय एकमेकांत घुसते ते दिसते. पण मॉडेल नाही म्हणून हा टप्पा सोडू नका. कॅडमध्ये चार रंगांचे चार थर पुरतात: भिंती काळ्या, बीम व कॉलम लाल, पाणी आणि सांडपाणी निळे, वीज हिरवी. तेही नसेल तर सारख्या प्रमाणावर छापलेले नकाशे ट्रेसिंग पेपरवर काढून खिडकीच्या काचेवर धरा. दोनमजली घराला एवढे पुरेसे आहे.

आता खोली-खोलीने फिरा. घाईत सगळा मजला एकदम बघू नका. प्रत्येक ठिकाणी खालच्या गोष्टी बघायच्या.

बीम आणि सांडपाण्याचा पाइप. ११० मिमीचा मैलापाण्याचा पाइप कुठून खाली उतरतो ते बोटाने गिरवा. बाथरूमच्या भिंतीखाली बीम असते, आणि एस-ट्रॅपचे भोक भिंतीपासून २२० मिमीवर म्हणजे बीमच्या कडेला येते. २३० मिमी रुंद बीम भिंतीच्या मध्यावर नसून आतल्या बाजूला सरकलेली असेल तर भोक थेट बीममध्ये जाते. यावर चांगले उपाय दोन: बीम भिंतीच्या बाहेरच्या कडेला सरकवणे, किंवा पी-ट्रॅप घेऊन पाइप भिंतीतून डक्टमध्ये नेणे. दुसरा आम्हाला जास्त पटतो. स्लॅबला भोकच नसेल तर गळतीची एक जागा कमी होते.

बीममधून आडवा पाइप. खालच्या मजल्यावर पाइप छताला टांगून न्यायचा असेल तर तो बीमच्या खालून जाईल इतकी उंची आहे का? नसेल तर बीममधून स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी काँक्रीटमध्ये ठेवायची मोठी नळी) घालावी लागेल, आणि ती फक्त इंजिनिअरने नकाशावर जागा, व्यास आणि भोवतीची जादा सळई लिहून दिली तरच. साधारणपणे अशी स्लीव्ह बीमच्या खोलीच्या मधल्या भागात आणि कॉलमपासून लांब ठेवतात. वर किंवा खाली सरकवली की मुख्य सळई कापावी लागते. कॉलममधून काहीही जाणार नाही.

डक्ट. नकाशात डक्ट असते, पण प्रत्यक्षात त्यात माणूस शिरत नाही. किमान ६०० मिमी रुंदी आणि आत जायला झडप हवी. मजल्यामजल्यावर डक्ट एकाखाली एक येते का, तेही बघा. वरच्या बाथरूमचे डक्ट खालच्या दिवाणखान्यात उतरलेली घरे आहेत.

दारे, खिडक्या आणि बीमची खोली. मजला ३ मीटरचा, बीम ४५० मिमी खोल, तर बीमखाली फरशीपासून २.५ मीटरच्या आसपासच उरतात. त्यात वर झरोका असलेले दार बसते का ते बघा.

जिना. जिन्याच्या पायऱ्यांवरून जाताना डोक्यावर किमान २.२ मीटर मोकळी उंची हवी. लँडिंगची बीम बहुतेक वेळा याच जागी आडवी येते.

चिऱ्याची भिंत आणि वीज. चिऱ्यात खाचा मारणे अवघड आणि धुळीचे काम, आणि एकदा मारलेली खाच बुजवायला मसालाही जास्त लागतो. त्यामुळे चिऱ्याच्या घरात शक्य तेवढे कंड्युट (विजेच्या तारांच्या नळ्या) स्लॅबमधून न्यावेत आणि भिंतीत फक्त सरळ खाली उतरावे. इलेक्ट्रिशियनला हे आधी सांगितले तर तो उतरायच्या जागा दाराच्या बाजूला, नेमक्या स्विचबोर्डवर, देतो.

पावसाचे पाणी. गच्चीचे उतार आणि पाणी खाली नेणारे पाइप बीमवर आदळत नाहीत ना? छज्जाच्या खालच्या कडेला पाणी परतू नये म्हणून खाच हवी. ती सेंटरिंगमध्येच पट्टी ठोकून मिळते, नंतर कोरून नाही.

## टप्पा ५: एक बैठक, एक वही

सापडलेली प्रत्येक अडचण क्रमांक देऊन वहीत किंवा शीटमध्ये लिहा. रकाने पाच: क्रमांक, जागा (ग्रिडप्रमाणे), अडचण, निर्णय, कोण कधीपर्यंत करणार. "ब-२ आणि ब-३ मधली बीम १०० मिमी उत्तरेला, इंजिनिअर, २० मार्च" असे नेमके.

मग सहाही जणांना एकाच वेळी बसवा. तास-दीड तास पुरतो. फोनवर एकेकाशी बोलून निर्णय घेऊ नका. प्लंबर म्हणेल ते इंजिनिअरला चालत नाही, इंजिनिअर म्हणेल त्याने खिडकी सरकते, आणि हे सगळे समोरासमोर पाच मिनिटांत सुटते, नाहीतर आठवडा जातो.

खबरदारी: व्हॉट्सॲप ग्रुप फोटो पाठवायला चांगला आहे, निर्णयाला नाही. आवाजी संदेशात दिलेला बदल सेंटरिंग मिस्त्रीपर्यंत पोचला की नाही हे कोणालाच कळत नाही. नियम साधा ठेवा: सुधारित नकाशा हातात आला तरच बदल झाला.

बैठकीनंतर इंजिनिअर आणि आर्किटेक्ट यांनी "बांधकामासाठी" असा शिक्का मारलेला एकत्रित नकाशा द्यावा. स्लॅबमधल्या प्रत्येक भोकाला त्यावर क्रमांक, व्यास आणि दोन ग्रिड रेषांपासूनची अंतरे असावीत. भोकामुळे ज्या सळया तुटतील, तेवढीच सळई भोकाच्या दोन्ही बाजूंना कशी द्यायची, हे इंजिनिअरने तिथेच दाखवावे.

## टप्पा ६: काँक्रीट आणि कव्हर यांची निवड

हा भाग इंजिनिअरचा, पण मेळ इथेही बिघडतो. सळईवर काँक्रीटचे किती कव्हर हवे हे हवामानावर अवलंबून असते, आणि कव्हर बदलले की स्लॅबची जाडी बदलते. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे:

- मध्यम परिस्थिती, म्हणजे किनारी भागात पण खारट हवेपासून आडोशाला असलेले काँक्रीट: किमान एम२५ (काँक्रीटच्या ताकदीची ग्रेड), कव्हर ३० मिमी, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.५०.
- तीव्र परिस्थिती, म्हणजे किनारी हवेला उघडे असलेले काँक्रीट: किमान एम३०, कव्हर ४५ मिमी, प्रमाण ०.४५.
- समुद्राचे तुषार अंगावर येतात तिथे: किमान एम३५, कव्हर ५० मिमी.

कॉलमला ४० मिमीपेक्षा आणि फुटिंगला ५० मिमीपेक्षा कमी कव्हर कुठेच चालत नाही. फोंडा किंवा डिचोलीच्या आतल्या गावातले घर आणि कळंगुटच्या किनाऱ्यालगतचे घर यांना एकच नकाशा वापरू नका. १२५ मिमी जाड गॅलरीला ४५ मिमी कव्हर दिले की सळई पोटात जाते आणि गॅलरीची ताकद कमी होते. तिथे जाडीच वाढवावी लागते. "कव्हर वाढवा" असे साइटवर तोंडी सांगणे म्हणूनच धोक्याचे आहे.

मागणीचा हिशेब. स्लॅब १०० चौरस मीटर, जाडी १५० मिमी: १५ घनमीटर. बीम धरून २० घनमीटर होईल असे समजू. ६ घनमीटरच्या गाड्या चार. मागणी लिहिताना ग्रेड, पाणी-सिमेंट प्रमाण, स्लंप (काँक्रीट किती पातळ आहे त्याचे माप) आणि पंपची लांबी लिहा. २० घनमीटरला आयएस ४५६ प्रमाणे ३ नमुने, प्रत्येकी ३ क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे), म्हणजे २८ दिवसांच्या तपासणीसाठी ९ क्यूब लागतात. सात दिवसांचा अंदाज हवा असेल तर ते क्यूब वेगळे.

तयार काँक्रीट प्लांटवर भरल्यापासून २ तासांत उतरवायचे असते. वाडीतल्या अरुंद रस्त्यावर गाडी वळते का, मोरीवरून तिचे वजन पेलेल का, वरून विजेच्या तारा गेल्या आहेत का, हे गाडीवाल्यासोबत चालत जाऊन बघा. दिवाडीसारख्या बेटावर फेरीबोटीची वाट बघण्यात वेळ जातो. तिथे साइटवरच मिक्सर लावून काम करायचे हे आधीच ठरवावे.

## टप्पा ७: सेंटरिंगवरचा क्रम

इथे प्रत्येकाला आपले काम आधी उरकायचे असते. क्रम असा:

1. सेंटरिंग पूर्ण. लेझर लेव्हलने किंवा नळीच्या लेव्हलने दर दोन मीटरवर पातळी तपासा. सनकन भागाची खोली वेगळी मोजा.
2. ग्रिडपासून मोजून भिंती, भोके आणि पंख्यांच्या जागा प्लायवर रंगाने आखा. हे काम बारबेंडर (सळई बांधणारा) चढण्याआधी, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनच्या हजेरीत.
3. खालची सळई, कव्हर ब्लॉक्स दर मीटरला.
4. स्लीव्ह, कंड्युट, पंख्यांचे बॉक्स, फॅब्रिकेटरच्या प्लेटी.
5. वरची सळई आणि चेअर (वरची सळई उचलून धरणारे सळईचे टेकू).
6. साफसफाई, पाणी मारणे, तपासणी.

स्लीव्ह पाइपापेक्षा एक माप मोठी घ्या: ११० मिमीच्या पाइपाला १६० मिमी, ७५ मिमीला ११० मिमी. उंची स्लॅबच्या जाडीपेक्षा ५० मिमी जास्त ठेवा, म्हणजे वरून ओघळ आत जात नाही. आत वाळू भरून दोन्ही तोंडे टेपने बंद करा आणि स्लीव्ह प्लायला खिळ्याने घट्ट करा. नुसती सळईला तारेने बांधलेली स्लीव्ह व्हायब्रेटर लागला की सरकते.

कंड्युट सळईच्या दोन थरांच्या मध्ये हवे, खालच्या सळईच्या खाली कधीच नाही. खाली घातले की कव्हर जाते, आणि खारट हवेत तीच रेघ पुढे गंजून फुटते. दहा-बारा कंड्युट डीबीजवळ (वीज वाटपाच्या पेटीजवळ) एकमेकांना चिकटून नेऊ नका. प्रत्येकामध्ये त्याच्या व्यासाच्या तिप्पट अंतर ठेवा, नाहीतर त्या पट्ट्यात काँक्रीट जवळजवळ नसतेच.

तपासा: काँक्रीट पडण्याआधी प्रत्येक स्लीव्ह आणि कंड्युटच्या गटाचा फोटो काढा, शेजारी टेप पसरून आणि ग्रिडचा क्रमांक खडूने लिहून. पुढे भिंतीत ड्रिल मारायची वेळ आली की हे फोटोच उपयोगी येतात.

## टप्पा ८: थांबण्याची जागा

आदल्या दिवशी दुपारी इंजिनिअर, मेळ घालणारा, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांनी एकत्रित नकाशा हातात घेऊन फिरायचे, प्रत्येक भोकावर टीक करायची आणि चौघांनी सही करायची. सही नसेल तर काँक्रीटची गाडी मागवायची नाही. गाडी सांगून ठेवली आहे म्हणून तपासणी उरकून घेणे ही सर्वांत महागडी चूक. म्हणून तपासणी दुपारी ठेवा आणि प्लांटला पक्का होकार संध्याकाळी द्या.

सळई मोजताना व्यास, अंतर आणि विशेषतः गॅलरीची सळई वर आहे का ते बघा. गॅलरीत मुख्य सळई वरच्या बाजूला असते. माणसे तिच्यावरून चालली की ती खाली दबते, म्हणून चेअर जास्त द्या आणि चालायला फळ्या टाका.

## टप्पा ९: ओतताना आणि नंतर

ओतताना प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन सेंटरिंगवर असायलाच हवेत. हललेली स्लीव्ह अर्ध्या तासात सरळ करता येते, दुसऱ्या दिवशी नाही. गाडीत पाणी घालायला कोणी सांगितले तर नको म्हणा. काँक्रीट घट्ट झाले असेल तर प्लांटच्या तंत्रज्ञाकडून अॅडमिक्श्चर (काँक्रीट पुन्हा पातळ करणारे रसायन) घालून घ्या. पाऊस आलाच तर झाकायला ताडपत्री तयार ठेवा, आणि मध्येच थांबावे लागले तर कुठे थांबायचे ते इंजिनिअरकडून आधीच खुणा करून घ्या.

पाणी मारणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय-ॲश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला १० दिवस. मे महिन्याच्या उन्हात याहून जास्तच ठेवा. टेकू किती दिवस ठेवायचे? स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधले अंतर) ४.५ मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४. बीमखालचे ६ मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढे २१. हे आकडे साध्या सिमेंटचे आहेत. मिश्र सिमेंट असेल तर इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय टेकू हलवू नका.

टेकू निघाले की स्लीव्हमधली वाळू काढा आणि प्रत्येक भोकाचे अंतर पुन्हा मोजा. जे सरकले असेल ते नकाशावर लाल पेनाने लिहा. सनकन भागात वॉटरप्रूफिंग करून ७२ तास पाणी साठवा, पाण्याच्या पातळीची खूण भिंतीवर करा आणि खालून छत बघा. ओल दिसली तर भराव टाकू नका. आधी पाइपाभोवतीची जागा उघडून नॉन-श्रिंक ग्राउटने (न आकसणाऱ्या मसाल्याने) भरा आणि पुन्हा ७२ तास पाणी ठेवा.

दुसऱ्या स्लॅबसाठी लाल पेनाने दुरुस्त केलेला नकाशा हाच मूळ नकाशा धरायचा आणि टप्पा ३ पासून पुन्हा सुरू करायचे.